हलक्या प्रौढ स्वारासाठी देशी तट्टू निवडताना: आधी वजनकाटा, मग बाजार

दिवाळी जवळ आली की मला फोन यायला लागतात. आधी अकलूजचा घोडेबाजार, मग मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेडा, त्यानंतर माळेगावची खंडोबाची यात्रा. "ताई, आम्ही शनिवारी निघतोय, कुठलं जनावर बघू?" विचारणारे बहुतेक पुण्यातले, वजनानं पंचेचाळीस ते साठ किलोंमधले, कुठल्या तरी क्लबात वर्षभर शिकलेले. प्रत्येकाचं एक वाक्य ठरलेलं असतं: "मी हलकी आहे, मला लहानसं घोडं चालेल."

चूक इथेच होते. आपण हलके आहोत हे अंदाजानं धरलेलं असतं आणि लहान घोडं किती वजन पेलतं हेही अंदाजानंच. मग बाजारात एखादं जनावर मनात भरतं, पैसे दिले जातात आणि मोजपट्टी निघते ती घरी आल्यावर. मी स्वतः असंच केलं होतं. पहिली घोडी घेतली ती पंचकल्याणी म्हणून. चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, उंची ५० इंच. तिसऱ्या महिन्यात खरारा करताना कमरेवर हात गेला की ती पाठ खाली दाबायला लागली आणि स्वार होताना पुढे पळायला लागली. तेव्हा कुठे मी तिचं वजन काढलं. भरलं २१४ किलो. माझं ओझं, जुन्या जड चामडी खोगिरासकट, ६२ किलो, म्हणजे तिच्या वजनाच्या २९ टक्के. तीन महिने ती ते मुकाट वाहत होती. पुढे ती एका लहान मुलीकडे गेली आणि तिथे बरी झाली, पण त्या तीन महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून खालचा क्रम सोडू नका.

## टप्पा १: स्वतःचं खरं ओझं काढा

न्हाणीघरातल्या काट्यावर सकाळी उपाशीपोटी दिसतं ते वजन इथे उपयोगाचं नाही. बूट, हेल्मेट, जाड पँट, पाण्याची बाटली सगळं चढवून काट्यावर उभं राहा. मग खोगीर, रिकिबी, तंग (खोगीर बांधायचा पोटपट्टा) आणि खालचा नमदा एका पोत्यात घालून वजन करा. दोन्हींची बेरीज म्हणजे जनावराच्या पाठीवरचं ओझं.

आज माझा हिशेब असा आहे: मी ४९ किलो, कपडे-बूट-हेल्मेट अडीच किलो, हलकं सिंथेटिक खोगीर सगळ्या सामानासह साडेसहा किलो. एकूण ५८. जुनं चामडी खोगीर ठेवलं असतं तर हाच आकडा बासष्टच्या घरात गेला असता. खोगीर बदलून चार किलो कमी होतात, तेही एकही जेवण न चुकवता.

आता या ओझ्यासाठी जनावर किती किलोचं हवं? घोड्यानं स्वार आणि सामान मिळून आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत न्यावं, असं जाणकार धरतात. ही वरची मर्यादा समजा. जनावर तंदुरुस्त, स्वार तोल सांभाळणारा आणि जमीन सपाट असेल तेव्हाच ती लागू. दुडक्या चालीत अजून आदळत बसणारा नवशिका स्वार, ताम्हिणीच्या बाजूचे चढउतार किंवा एप्रिलचं ऊन यांतलं एक जरी असलं तर मी १५ ते १७ टक्क्यांवर थांबते. रोजच्या साध्या स्वारीसाठी मी १८ टक्के धरते. ५८ भागिले ०.१८ म्हणजे ३२२ किलो. मला किमान तेवढ्या वजनाचं जनावर लागतं.

तपासा: तुमचा आकडा कागदावर लिहिलेला आहे का? बाजारात तो खिशात हवा. डोक्यातला आकडा सुंदर घोडी दिसली की बदलतो.

एक कायदेशीर आकडाही माहीत असू द्या. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारनं केलेल्या नियमांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो आहे. खेचरासाठी ती २०० किलो आहे. तट्टू दिसायला दणकट असलं तरी दोघांमधला फरक केवढा, ते यावरून समजतं.

## टप्पा २: काम ठरवा

हे दोन ओळींत लिहा. आठवड्यातून किती दिवस, किती वेळ, कुठल्या जमिनीवर, उड्या मारायच्या आहेत की नाहीत. "सगळंच करायचंय" असं उत्तर आलं तर अजून घोडं घेऊ नका, सहा महिने क्लबातल्या घोड्यावरच बसा.

## टप्पा ३: जात निवडा

आपल्याकडे घोड्या-तट्टांच्या आठ देशी जातींची नोंद आहे: मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भूतिया आणि आपली भीमथडी. पुण्यातल्या हलक्या स्वारासाठी यातल्या तीनच जातींचा खरा विचार करायचा आहे, पण बाकीच्या का वगळायच्या तेही सांगते.

स्पिती, झंस्कारी, भूतिया. ही हिमालयातली तट्टं. दाट केस, थंड आणि विरळ हवेसाठी घडलेलं शरीर. हिमाचलात किंवा लडाखला फिरून आलेली माणसं हमखास यांचं नाव काढतात. पुण्याचा एप्रिल-मे यांच्यावर लादू नका.

मणिपुरी. पोलोचं मूळ तट्टू. चपळ, काटक, पण साधारण ४४ ते ५२ इंचांचं. प्रौढ माणसाला, त्यातही पुण्यात, ते आणणं माझ्या मते योग्य नाही. ही तट्टं संख्येनं कमी उरली आहेत, त्यांना त्यांच्याच मुलुखात राहू द्यावं.

मारवाडी. साधारण ५८ ते ६४ इंच, म्हणजे हे तट्टू नव्हेच. वजन पेलायचा प्रश्न नाही, प्रश्न स्वभावाचा. बाजारात मारवाडी रक्ताची जी जनावरं दिसतात त्यातली कितीतरी वरातीसाठी नाचायला शिकवलेली असतात. लगाम ओढला की पुढचे पाय उचलायचे, ढोल वाजला की नाचायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. हलक्या, एकट्यानं फिरणाऱ्या स्वारानं हे पहिलंच जनावर म्हणून घेऊ नये.

भीमथडी. भीमेच्या थडीचं, म्हणजे भीमेच्या काठचं घोडं. बारामती, दौंड, इंदापूर, फलटणकडच्या धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या तांड्याबरोबर, पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालणारं. खूर कणखर, खाणं कमी, रस्त्यावरच्या गाड्या-कुत्री-मेंढरं यांची सवय. पुणेकराला हे आपलं वाटतं आणि मलाही वाटतं. म्हणूनच इथे सगळ्यांत जास्त सावध राहा. बहुतेक भीमथडी साधारण ४८ ते ५४ इंचांत असतात आणि मी मोजलेली बरीचशी २२० ते २५० किलोंमध्ये भरली. २४० किलोच्या जनावराचे २० टक्के म्हणजे ४८ किलो. त्यात तुम्ही, हेल्मेट, खोगीर सगळं बसवायचं. चाळीस किलोंच्या आतल्या माणसाला जमेल. पन्नासच्या स्वाराला ५३-५४ इंचांचं, रुंद छातीचं, निदान ३०० किलोंच्या आसपासचं भीमथडी शोधावं लागतं. अशी असतात, पण कमी.

दुसरी गोष्ट. वाड्यावरचं घोडं ओझं वाहायला शिकलेलं असतं, स्वाराला नाही. पायाचा इशारा, लगामाचा हलका स्पर्श, एकट्यानं कळप सोडून जाणं, यातलं काही त्याला शिकवलेलं नसतं. ओझं पाठीवर बांधलेलं असतं, स्वार हलतो. सहा महिने शिकवायची तयारी आणि चांगला शिकवणारा असेल तरच हा मार्ग धरा. आणि शोधायचं असेल तर बाजारापेक्षा वाड्यावर जा. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याआधी परततात. चालत्या वाड्यावर जनावर ओझ्याखाली कसं चालतं ते डोळ्यांनी दिसतं. तिथल्या म्हाताऱ्या मामांना शांतपणे विचारलं तर ते जनावराची खोडही सांगतात. मला एका मामांनी स्वतःहून सांगितलं होतं, "ही पाण्यात बसती, नदीला जपा."

कच्छी-सिंधी. कच्छ, बाडमेरकडची जात. उंची साधारण ५६ ते ५८ इंच. उन्हाला सरावलेली, स्वभावानं सहसा शांत. हिच्यातली चांगली जनावरं रेवाल चालतात, म्हणजे दुडकीतल्यासारखे हादरे न देता सपाट आणि जलद. पाठदुखीचा स्वार असेल किंवा दुडकीत अजून तोल बसला नसेल तर या चालीचा फायदा स्वाराला होतो आणि घोड्याच्या पाठीलाही. पन्नास ते साठ किलोंच्या पुणेरी स्वारासाठी माझी पहिली पसंती हीच.

काठियावाडी. सौराष्ट्राची. कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, अंगानं सुकी, तल्लख. उंची साधारण ५६ ते ६०. हिच्यातली बुटकी, रुंद कमरेची, सहा वर्षांवरची घोडी मिळाली तर उत्तम. मात्र अरुंद, लांब पायांची काठियावाडी उंच दिसते आणि वजनाला हलकी भरते. उंचीवर फसू नका.

इशारा: ब्रिटन-आयर्लंडच्या देशी तट्टांबद्दलचा सल्ला वाचून इथे तसाच लावू नका. तिकडचं हायलँड किंवा फेल तट्टू ५२-५८ इंचांतच असलं तरी जाड हाडाचं, पिंपासारख्या अंगाचं असतं, त्यामुळे ते प्रौढ माणूस सहज नेतं. आपलं तेवढ्याच उंचीचं काठियावाडी किंवा भीमथडी त्याच्या शेजारी उभं केलं तर बरंच सडपातळ दिसेल. "देशी तट्टू मोठ्या माणसालाही पेलतं" हे वाक्य तिकडच्या हाडांबद्दल आहे.

दुसरा इशारा: पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड कधीकधी स्वस्तात मिळतो. पैसे वाचतात म्हणून तट्टाऐवजी तो घ्यायचा विचार खूप जण करतात. तो उंच, नाजूक खुरांचा, धावण्यासाठी घडवलेला प्राणी आहे. त्याला पुन्हा शिकवणं हे अनुभवी माणसाचं काम.

## टप्पा ४: मोजपट्टी लावा

सोबत न्यायचं सामान: शिंप्याची लांब पट्टी, खडू, सुतळी, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आणि एक मदतनीस. विकणारा नाराज होईल. होऊ द्या. मोजू देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही, एवढा नियम पुरतो.

उंची. जमीन सपाट हवी. बाजारात जनावराचे पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून, मान वर खेचून उभं करतात, त्यात दीड-दोन इंच वाढतात. मान खाली सोडायला सांगा. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या सर्वांत उंच हाडापासून जमिनीपर्यंत मोजा. जाड नाल ठोकले असतील तर तेवढं वजा करा.

वजन. छातीचा घेर पुढच्या पायांच्या कोपरामागून, तंग बसतो तिथून घ्या. श्वास सोडल्यावर पट्टी वाचा. मग लांबी: खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीखालच्या, बसायच्या हाडाच्या टोकापर्यंत, सरळ रेषेत. दोन्ही सेंटिमीटरमध्ये.

घेर × घेर × लांबी ÷ ११,८८० = अंदाजे किलो.

उदाहरणं देते. घेर १४८, लांबी १३०: २४० किलो. घेर १५६, लांबी १४०: २८७ किलो. घेर १६२, लांबी १४६: ३२२ किलो. पहिलं आणि तिसरं जनावर शेजारी उभं केलं तर उंचीत फरक चार-पाच इंचांचाच वाटतो, पण वजनात ८० किलोंचा फरक आहे. घेराला दोनदा गुणलं जातं, म्हणून तो मोजताना चुकू नका. तीनदा मोजा, मधला आकडा घ्या.

तपासा: हे वजन हाडामांसाचं आहे की चरबीचं? सुटलेलं पोट, मानेवर हलणारी वळी, शेपटीच्या मुळाशी मऊ गोळे असतील तर तट्टू जाड आहे आणि वीस-तीस किलो वजा धरा. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात. गाभण घोडी असेल तर हा हिशेब पूर्णच चुकतो. पशुवैद्याकडून तपासून घ्या, कारण विकणाऱ्यालाही कधीकधी माहीत नसतं.

नळीचा घेर. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली, सर्वांत बारीक जागी सुतळी गुंडाळा. तीनशे किलोंच्या आसपासच्या तट्टाला १७ सेंटिमीटर किंवा जास्त हवा. पंधराच्या आत असेल तर वरचं अंग कितीही भरलेलं दिसो, सोडून द्या. वजनाचा भार शेवटी या नळीवरच येतो.

खोगिराची जागा. हे जवळजवळ कोणीच मोजत नाही आणि पाठी सर्वांत जास्त इथेच बिघडतात. खांद्याच्या फऱ्याची मागची कड बोटांनी शोधा, खडूनं रेघ मारा. मग शेवटची बरगडी शोधा आणि ती वर कण्याकडे कुठे जाते तिथवर रेघ न्या. या दोन रेघांमधलं अंतर हीच खोगीर बसवायची जागा. प्रौढ माणसाचं सतरा इंची खोगीर खालून ४३ ते ४६ सेंटिमीटर लांब असतं. तट्टाची जागा ४० सेंटिमीटर भरली तर खोगीर कमरेवर जाईल, आणि कमरेखाली आधाराला बरगड्या नसतात. माझ्या पहिल्या घोडीचं दुखणं तिथलंच होतं. वजन पेललं तरी जागा नसेल तर तट्टू तुमचं नाही. फारतर आखूड खोगीर घ्या, पण ते तुम्हालाही नीट बसलं पाहिजे. कानपूरला खोगिरं बनवणारे कारागीर माप दिल्यावर तसं शिवून देतात.

तुमचे पाय. उंच स्वाराला बुटक्या तट्टावर पाय लोंबतात म्हणून लाज वाटते. लोंबणं मोठा दोष नाही, अरुंदपणा मोठा. रुंद बरगडीचं तट्टू मांडी बाजूला घेतं आणि पाय सामावून घेतं. अरुंद तट्टावर पाय खाली सरळ जातात, टाच पोटाखाली पोचते आणि इशारा द्यायला जागाच उरत नाही. तोल वर जातो तो वेगळाच.

## टप्पा ५: वय, पाय, डोळे

दात बघा. घोड्याचे पुढचे पक्के दात जोडीजोडीनं येतात: मधले अडीच वर्षांना, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाच वर्षांना तोंड पूर्ण होतं. कडेच्या दुधाच्या दातांची जोडी अजून असेल तर "पाच वर्षांचा आहे" हे खोटं. वरच्या कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ तपकिरी खाच दिसू लागते, पंधराव्याला ती दाताच्या निम्म्यापर्यंत येते.

प्रौढ स्वारासाठी मी सहाच्या आत घेऊ नका म्हणते. कण्याची हाडं पक्की व्हायला साडेपाच-सहा वर्षं जातात, आणि आपल्याकडे दोन वर्षांच्या शिंगरावर माणसं बसतात. सहा ते बारा हे वय चांगलं.

मग कडक जमिनीवर पुढून, मागून आणि बाजूनं चालवून बघा. दुडकीत डोकं वर-खाली झटकलं की पुढच्या पायात लंगडणं आहे. खुराला खालून वास घ्या. कुजका वास आणि काळा चिकट थर म्हणजे सड. डोळ्यापुढे हात न आणता बाजूनं हळूच बोट न्या, पापणी मिटते का बघा.

रंग आणि भोवरे यांबद्दल एकदाच सांगते. गळ्यावर देवमणीचा भोवरा आहे म्हणून भाव वाढवतात, अशुभ भोवरा असला की चांगलं जनावर पडून राहतं. माझी आत्ताची घोडी अशीच "खोटी" म्हणून मागे राहिलेली होती. नुकरा, म्हणजे गुलाबी कातडीचा पांढरा घोडा, सुंदर दिसतो, पण उन्हात त्याचं नाक आणि डोळ्यांच्या कडा भाजतात आणि तिथे गाठी येण्याचा धोका असतो. पुण्याच्या उन्हात गडद कातडीचं जनावर घ्या.

## टप्पा ६: तीन वेळा बघा, एकदाच बसू नका

बाजारात हे जमत नाही हे मला मान्य आहे. म्हणून बाजारात फक्त जनावर आणि माणूस हेरा, नंबर घ्या, गावी जाऊन पुन्हा बघा. तिथल्या तिथे व्यवहार करायलाच हवा असेल तर निदान दोन दिवस मुक्काम करा.

१. पहिल्यांदा न सांगता जा. आधीच घाम येईपर्यंत पळवून शांत केलेलं जनावर तुम्हाला नको. बांधलेलं असताना कसं आहे, खोगीर चढवताना कान मागे घेतं का, तंग आवळताना चावायला येतं का, हे बघा. खालचा ओठ लोंबतोय, डोळे अर्धे मिटलेत, पाय ओढतंय, असं असेल तर औषध दिलेलं असू शकतं. दुसऱ्या दिवशी या.

२. आधी विकणाऱ्याला बसू द्या. तो बसत नसेल तर तुम्हीही बसू नका. तोंडातला लगामही बघा. काटेरी असेल तर तो त्याच १९६५ च्या नियमांत निषिद्ध आहे. शिवाय असा लगाम लागतो म्हणजे साध्या लगामावर हे जनावर थांबत नाही.

३. मग तुम्ही, तुमच्या खोगिरासह. उंचवट्यावरून चढा, रिकिबीला लटकून नाही. दहा मिनिटं चाल, वीस मिनिटं दुडकी मधूनमधून चालीसह, शेवटी थोडी चौखूर. कळपापासून दूर न्या आणि परत आणा. घराकडे वळल्यावर वेग वाढतो का, ते इथे कळतं.

४. नाडी मोजा. जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी लागते. विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४, तट्टात थोडी जास्तही. स्वारीनंतर दहा-पंधरा मिनिटांत ती ६४ च्या खाली यायला हवी. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत डॉक्टर साधारण हाच आकडा धरतात. नाही उतरली तर जनावर तंदुरुस्त नाही किंवा तुम्ही त्याला जड आहात. दोन्हींत उत्तर "नको" असंच.

५. दुसऱ्या दिवशी पाठ चाचपा. हा सर्वांत महत्त्वाचा भाग. कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेकडून कमरेकडे, बोटांची टोकं घट्ट दाबत न्या. स्नायू थरथरणं, पाठ खाली जाणं, शेपूट झटकणं हे दुखण्याचं लक्षण. कालच्या तासाभराच्या स्वारीनं हे झालं असेल तर रोजच्या स्वारीनं काय होईल?

## टप्पा ७: रक्त आणि कागद

पैसे देण्याआधी, नंतर नाही. ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, त्याची माहिती सरकारला देणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि निदान पक्कं झालं की जनावराला दयामरण द्यावं लागतं. एका रोगी जनावरामुळे शेजारची अख्खी पागा अडकते. नमुना सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत द्या. त्याच वेळी घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची तपासणी करा आणि पावसाळ्यानंतर खरेदी असेल तर सर्रासाठीही रक्त बघायला सांगा. तो चावणाऱ्या माशांमुळे पसरतो आणि सुरुवातीला जनावर फक्त बारीक होतं.

गाडीत घालण्याआधी प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला घ्या. विक्रीची लेखी पावती घ्या, त्यात रंग, खुणा, उंची आणि वय लिहून दोघांच्या सह्या.

इशारा: "रिपोर्ट मागाहून पाठवतो" म्हणणाऱ्याला "पैसेही मागाहून पाठवते" एवढंच सांगा.

## टप्पा ८: पहिले चाळीस दिवस

नवं जनावर इतर घोड्यांपासून तीन आठवडे वेगळं ठेवा. बादली, खराऱ्याचा ब्रश, तोबरा वेगळा.

मग खाणं. पुण्यातल्या चांगल्या मनाच्या लोकांच्या हातून इथेच मोठं नुकसान होतं. वाड्यावरचं भीमथडी माळावरच्या वाळक्या गवतावर वाढलेलं असतं. ते पौड रोडच्या एखाद्या पागेत येतं, दिवसात दोनदा भिजवलेले हरभरे, गूळ, कोंडा, हिरवा नेपिअर (हत्ती गवत) सुरू होतो आणि दोन महिन्यांत घोडं चकाकतं. तिसऱ्या महिन्यात ते पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभं राहतं, खूर गरम लागतात. ही खुराच्या आतल्या थरांची सूज. एकदा झाली की आयुष्यभर सांभाळावी लागते. २८० किलोच्या तट्टाला रोज पाच-साडेपाच किलो सुकं गवत आणि कडबा, खनिज मिश्रण, मीठ आणि स्वच्छ पाणी एवढ्यावर हलकं काम भागतं. हरभरा मूठभर, तोही काम वाढल्यावर. नुसता कोंडा आणि नेपिअर यांवर ठेवू नका, त्यानं हाडांतलं कॅल्शियम कमी होतं.

पहिले दहा दिवस स्वारी नाही, हातात धरून चालवणं. पुढचे दहा दिवस लांब दोरीवर, खोगीर घालून पण स्वाराशिवाय. मग वीस-वीस मिनिटं स्वारी. याच काळात नालबंदाला दाखवा आणि पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आटपा. ३७ अंशांवर तापमान गेलं की दुपारी बारा ते तीन ओझ्याचं जनावर वापरायला १९६५ च्या त्या नियमांतही मनाई आहे.

पागा कुठे आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे. मुळशी, पौडकडे पावसाळ्यात चिखल महिनोन्‌महिने हटत नाही. तिथे खूर सडतात, पाठीवर केसांखाली खपल्या धरतात. वाघोली, लोणी काळभोरच्या बाजूला पाऊस कमी, जमीन लवकर वाळते. मुळशीकडेच ठेवायचं असेल तर उभं राहायला मुरुमाचा उंच, कोरडा ओटा करून घ्या आणि बुरशी लागलेला कडबा कितीही महाग मिळालेला असो, फेकून द्या.

चाळिसाव्या दिवशी पुन्हा पट्टी काढा. घेर, लांबी, खोगिराची जागा, सगळं पहिल्यासारखं मोजा आणि पहिल्या कागदाशेजारी लिहा. काम सुरू झाल्यावर पाठीचा आकार बदलतो, पहिल्या दिवशी नीट बसलेलं खोगीर आता पुढे घसरत असेल. नमद्यावरचे घामाचे डाग दोन्ही बाजूंना सारखे आहेत का बघा. एखाद्या जागी कोरडा ठिपका राहिला असेल तर तिथे दाब जास्त पडतोय. त्या दिवशी खोगीर चढवू नका, आधी बसवणाऱ्याला बोलवा.